तीन टनांची पिकअप बर्फात जागेवरच फिरते आणि छोटी कार निघून जाते, असं का होतं?

अमेरिकेतल्या मिशिगन किंवा मिनेसोटा राज्यात जानेवारी महिन्यात एखाद्या सिग्नलला हमखास दिसणारं दृश्य आहे. सिग्नल हिरवा होतो. शेजारची छोटी कार हळूच पुढे सरकते आणि निघून जाते. तिच्या जवळपास दुप्पट वजनाची, भल्यामोठ्या डिझेल इंजिनाची पिकअप मात्र जागच्या जागी मागची चाकं गरागरा फिरवत बसते. ड्रायव्हर ॲक्सिलरेटर आणखी दाबतो, तशी गाडी पुढे जायच्या ऐवजी मागून आडवी व्हायला लागते.

बघणाऱ्याला वाटतं, एवढी धिप्पाड गाडी, एवढी ताकद, मग अडलं कुठे?

अडतं ते ताकदीपाशी नाही, पकडीपाशी. इंजिन कितीही मोठं असलं तरी ते गाडी ढकलतं चार टायरच्या तळहाताएवढ्या जागांमधून. तिथली पकड सुटली की इंजिनाची सगळी ताकद फक्त बर्फ घासून गुळगुळीत करण्याच्या कामी येते. ही पकड वाढवायची कशी, याची उत्तरं अमेरिका आणि कॅनडात शंभरेक वर्षांपासून शोधली जात आहेत. त्यातली काही खरोखर चालतात, काही अर्धवट चालतात, तर काही नुसतीच ऐकीव आहेत.

आधी गाडी समजून घेऊ

इथे ज्या गाड्यांबद्दल बोलणं चाललंय त्या म्हणजे फोर्ड एफ-२५०, रॅम २५००, शेवरोले सिल्वराडो २५०० या जातीच्या. तिकडे यांना 'हेवी ड्युटी' पिकअप म्हणतात. रिकाम्या गाडीचंच वजन तीन टनांच्या आसपास. मागच्या हौद्यात टनभर माल टाकायचा आणि शिवाय मागे घोड्यांची, बोटींची किंवा बांधकामाच्या सामानाची कित्येक टनांची ट्रॉली ओढायची, यासाठी त्या बांधलेल्या असतात. शेतकरी, कंत्राटदार, रस्त्यावरचा बर्फ काढणारे असे लोक त्या वापरतात.

आता गंमत अशी की या गाडीचा सगळा हिशोब ती भरलेली असताना बसतो. रिकामी असली की चित्र उलटं होतं. इंजिन पुढे, केबिन पुढे, गिअरबॉक्सही पुढेच. डिझेल घेतली तर आणखी पुढे. रॅममध्ये येणारं कमिन्सचं ६.७ लिटरचं डिझेल इंजिन एकटंच अर्ध्या टनाच्या घरात जातं. मागे काय, तर पत्र्याचा रिकामा हौदा. त्यामुळे गाडीचं ५५ ते ६० टक्के वजन पुढच्या चाकांवर पडतं. आणि साध्या, म्हणजे टू-व्हील ड्राइव्ह पिकअपला ढकलण्याचं काम कोण करतं? मागची चाकं. ज्यांच्यावर वजन कमी, त्यांच्याकडेच कष्टाचं काम!

छोट्या कारमध्ये याच्या बरोबर उलट असतं. तिलाही इंजिन पुढेच, पण तिची चालणारी चाकंही पुढचीच. जिथे वजन तिथेच ताकद. म्हणून ती सिग्नलवरून गुमान निघून जाते.

त्यात भर म्हणजे मागचे कमानपाटे टनभर वजनाच्या हिशोबाने कडक केलेले. रिकाम्या गाडीत ते दबतच नाहीत. खडबडीत बर्फावर मागची चाकं टणाटण उडतात आणि चाक हवेत असताना पकड शून्य.

आणि त्याच्याही वर, इंजिनाचा जोर. २०१९ मध्ये रॅमच्या हेवी ड्युटी पिकअपने १००० पाउंड-फूट, म्हणजे सुमारे १३५६ न्यूटन-मीटर टॉर्कचा टप्पा गाठला. ट्रॉली ओढताना हे वरदान आहे. बर्फावर मात्र ॲक्सिलरेटरला पाय नुसता लागला तरी मागची चाकं सुटतात.

थोडा हिशोब

कोरड्या डांबरावर टायरची पकड, म्हणजे घर्षणाचा गुणांक, साधारण ०.८ धरतात. गाड्यांखाली दबून घट्ट झालेल्या बर्फावर तो ०.२ ते ०.३ वर येतो. काचेसारख्या गोठलेल्या बर्फावर ०.१, कधी त्याहून कमी. यात एक गोष्ट अनेकांना माहीत नसते. बर्फ सगळ्यात निसरडा असतो तो कडाक्याच्या थंडीत नाही, तर शून्य अंशाच्या आसपास, जेव्हा त्याच्यावर पाण्याचा पातळ थर असतो. उणे २० ला तोच बर्फ बराच बरा वागतो.

आता तीन हजार किलोची रिकामी टू-व्हील ड्राइव्ह पिकअप घ्या. मागच्या चाकांवर ४२ टक्के, म्हणजे १२६० किलो. पकड ०.२. ही गाडी जास्तीत जास्त किती चढ चढेल? हिशोब सोपा आहे: १२६० गुणिले ०.२ भागिले ३०००. उत्तर येतं ८.४ टक्के. म्हणजे १०० मीटर अंतरात साडेआठ मीटरही नाही. एखाद्या घराच्या गॅरेजकडे जाणारा उतार यापेक्षा जास्त असतो.

मागे २०० किलो वाळू टाकली तर? १४६० गुणिले ०.२ भागिले ३२००. उत्तर ९.१ टक्के. वाढलं, पण थोडंच.

वाळू न टाकता फक्त चांगले हिवाळी टायर लावले आणि समजा पकड ०.३ झाली, तर? १२.६ टक्के.

आणि जुनेच टायर, पण फोर-व्हील ड्राइव्ह? चारही चाकं ढकलतात म्हणजे सगळं वजन कामाला आलं. थेट २० टक्के.

हे आकडे ढोबळ आहेत, चढावर थोडं वजन आपोआप मागे सरकतं ते यात धरलेलं नाही. पण कोणत्या उपायात किती दम आहे हे त्यावरून कळतं. इथेच कोणीही म्हणेल, मग झालं की! फोर-व्हील ड्राइव्ह घ्या आणि विषय संपवा.

तिथेच खरी फसगत आहे.

निघणं आणि थांबणं, या दोन वेगळ्या गोष्टी

ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी ०.८ पकडीवर ब्रेक दाबल्यापासून सुमारे १२ मीटरमध्ये थांबते. ०.३ पकडीवर ३३ मीटर लागतात. ०.२ वर ४९ मीटर. आणि ०.१ वर तब्बल ९८ मीटर, म्हणजे जवळपास फुटबॉलचं मैदान. ड्रायव्हरला विचार करायला लागणारा वेळ यात नाही.

या हिशोबात गाडीचं वजन कुठेच येत नाही. वजन वाढलं की टायरवरचा दाब वाढतो, पण थांबवायचं ओझंही तेवढंच वाढतं. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. फोर-व्हील ड्राइव्हचाही इथे काही उपयोग नाही, कारण ब्रेक तसेही प्रत्येकच गाडीच्या चारही चाकांना असतात.

म्हणजे फोर-व्हील ड्राइव्ह गाडी निघते झोकात. ड्रायव्हरला वाटतं रस्ता काही एवढा वाईट नाही. तो ताशी ८० ने जातो. पुढे वळण येतं किंवा कोणाचे तरी लाल दिवे दिसतात, आणि मग कळतं की थांबायला तिच्याकडे इतरांपेक्षा काहीच जास्त नाही. हिमवादळानंतर अमेरिकेतल्या हायवेच्या कडेला खड्ड्यात गेलेल्या गाड्यांमध्ये फोर बाय फोरची भरपूर असतात ती यामुळेच.

निघणं, वळणं आणि थांबणं या तिन्ही ठिकाणी उपयोगी पडणारी एकच गोष्ट आहे, टायर. (चेनही आहेत, पण त्या काही सगळा हिवाळाभर लावून फिरता येत नाहीत.) म्हणून पैसे मोजकेच असतील तर ते आधी टायरवर घालावेत.

हिवाळी टायर म्हणजे नेमकं काय?

टायरचं रबर थंडीत कडक होतं. साधारण ७ अंश सेल्सिअसच्या खाली उन्हाळी टायरची पकड घसरायला लागते, बर्फ नसला तरीसुद्धा. हिवाळी टायरचं रबर वेगळ्या मिश्रणाचं असतं, त्यात सिलिका जास्त असते आणि ते उणे तापमानातही लवचिक राहतं.

दुसरी गोष्ट त्यावरची नक्षी. हिवाळी टायरच्या प्रत्येक ठोकळ्यावर ब्लेडने मारल्यासारख्या बारीक नागमोडी चिरा दिसतात. यांना 'साइप' म्हणतात. सायप आडनावाच्या एका अमेरिकन माणसाच्या १९२० च्या दशकातल्या पेटंटवरून हे नाव पडलं. तो म्हणे कत्तलखान्यात कामाला होता आणि ओल्या फरशीवर घसरू नये म्हणून त्याने स्वतःच्या बुटांच्या तळव्याला चिरा पाडल्या होत्या. या चिरांच्या कडा बर्फाला शेकडो ठिकाणी धरतात.

आणि मोठ्या खाचा असतात त्या बर्फ भरून ठेवायला. हे ऐकायला उलटं वाटतं, पण बर्फाची पकड बर्फालाच चांगली बसते. हातात बर्फाचा गोळा करताना तो एकमेकांना चिकटतो तसंच.

गंमत म्हणजे जगातला पहिला हिवाळी टायर कारसाठी नव्हता, ट्रकसाठी होता. आज नोकियन नावाने ओळखल्या जाणाऱ्या फिनलंडच्या कंपनीने तो १९३४ मध्ये काढला. बर्फातून माल पोचवायचा तर ट्रक चालला पाहिजे, ही गरज आधीची. कारसाठीचा टायर दोन वर्षांनी आला.

दुकानात टायर घेताना त्याच्या बाजूवरची खूण पाहावी लागते. 'एम प्लस एस' म्हणजे चिखल आणि बर्फ, असं लिहिलेलं असतं, पण ही खूण फक्त नक्षीच्या रचनेवरून मिळते, बर्फावर चाचणी करून नाही. खरी खूण म्हणजे तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात हिमकण. ही १९९९ पासून वापरात आली. दाबलेल्या बर्फावर ठरावीक तुलनेच्या टायरपेक्षा किमान १० टक्के जास्त ओढ दाखवली तरच ती मिळते. पण चाचणी गाडी पुढे नेण्याची आहे, ब्रेकची किंवा काचेसारख्या बर्फाची नाही. त्यामुळे ही खूण असलेले काही बारमाही टायरही मिळतात, ते बरे असतात, पण खास हिवाळी टायरची सर त्यांना नाही.

हेवी ड्युटी पिकअपच्या बाबतीत आणखी एक पेच आहे. या गाडीला कारचे मऊ हिवाळी टायर चालत नाहीत. जड भार पेलणारे, 'लोड रेंज ई' दर्जाचे टायर लागतात, आणि मग निवडही कमी होते. खूप जण यावर दिसायला दणकट म्हणून चिखलाचे, मोठमोठ्या ठोकळ्यांचे 'मड टेरेन' टायर लावतात. फोटोत गाडी जबरदस्त दिसते. ताज्या खोल बर्फात ते चालतातही. पण त्यांचं रबर कडक, ठोकळे मोठे आणि चिरा कमी. शहरातल्या गोठलेल्या चौकात हाच टायर सगळ्यात आधी दगा देतो. रुंद टायरचंही तसंच. रुंद टायर मऊ बर्फावर तरंगायला बघतो, अरुंद टायर तो कापून खाली डांबरापर्यंत पोचतो. म्हणून जाणकार लोक हिवाळ्यासाठी कंपनीने मान्य केलेल्यांपैकी अरुंद मापाचा टायर घेतात.

टायर नेहमी चारही बदलायचे. 'चालणारी चाकं मागची आहेत ना, मग दोनच बदलू' हा हिशोब पुढच्या वळणावर अंगाशी येतो. मागे पकड, पुढे नाही, म्हणजे स्टिअरिंग फिरवलं तरी गाडी सरळच.

कॅनडातल्या क्युबेक प्रांतात तर हा ऐच्छिक विषयच नाही. तिथे २००८ पासून हिवाळी टायर कायद्याने सक्तीचे आहेत, आणि आता ती मुदत १ डिसेंबर ते १५ मार्च अशी आहे. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा कायदा निराळा. कोलोरॅडोत आय-७० या हायवेच्या डोंगराळ पट्ट्यात १ सप्टेंबर ते ३१ मे या काळात टायरची नक्षी किमान ३/१६ इंच, म्हणजे पावणेपाच मिलिमीटर खोल असावी लागते. गोटा झालेल्या टायरला तिथे दंड आहे. धातूच्या खिळ्यांचे टायर काचेसारख्या बर्फावर उत्तम, पण ते रस्ता खरवडतात, म्हणून मिनेसोटासारख्या भरपूर बर्फाच्या राज्यानेही आपल्या रहिवाशांना ते वापरायला बंदी केली आहे.

हवेकडेही बघायला हवं. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की कारच्या टायरमधली हवा साधारण एक पीएसआयने कमी होते. ८० पीएसआय भरलेल्या पिकअपच्या टायरमध्ये ही घट दोनच्या जवळ जाते. ऑक्टोबरमध्ये भरलेली हवा जानेवारीत दहाच्या आसपास कमी झालेली असू शकते. 'हवा कमी केली की पकड वाढते' हा सल्ला मात्र रस्त्यासाठी नाही. खोल भुसभुशीत बर्फात, गोगलगायीच्या वेगाने, अडकलेली गाडी बाहेर काढताना तो कामाला येतो. डांबरावर परत आल्यावर लगेच हवा भरायची.

वाळूच्या गोण्या: जुना उपाय, पण ठेवायच्या कुठे?

अमेरिकेत हिवाळा सुरू झाला की हार्डवेअरच्या दुकानांबाहेर लांबट, नळीसारख्या वाळूच्या गोण्यांचे ढीग लागतात. एक गोणी बहुतेक वेळा ६० पाउंडांची, म्हणजे २७ किलोची. पिकअपवाले सहा-आठ गोण्या उचलतात आणि हौद्यात टाकतात. वरच्या हिशोबात पाहिलं तसं याने चढण्याची क्षमता थोडीच वाढते, पण दुसरा फायदा मोठा आहे. मागचे पाटे जरा दबतात, चाकं उडायची थांबतात आणि मागचा भाग आडवा जाण्याची खोड कमी होते. टू-व्हील ड्राइव्हवाल्याला याचा जास्त उपयोग, फोर-व्हील ड्राइव्हवाल्याला कमी.

गोण्या कुठे ठेवायच्या, यात मात्र बरेच जण चुकतात. फाळका उघडला, गोण्या तिथेच टाकल्या, फाळका लावला. ज्याने बैलगाडी पाहिली आहे त्याला यातली चूक सांगावी लागणार नाही. आसाच्या मागे जास्त वजन झालं की गाडी उलाळ होते, जू वर उचललं जातं. पिकअपचंही तेच. मागच्या ॲक्सलच्या पलीकडे टाकलेलं वजन मागे दाबतं आणि पुढचा भाग उचलतं. म्हणजे स्टिअरिंगच्या चाकांवरचं वजन कमी. वजन मागच्या ॲक्सलच्या बरोबर वर किंवा किंचित पुढे हवं. याला अपवाद एकच, पुढे बर्फ ढकलायचा नांगर लावलेली पिकअप. तिच्या पुढे आधीच काहीशे किलो लटकलेले असतात, म्हणून नांगर बनवणाऱ्या कंपन्या स्वतःच ॲक्सलच्या मागे वजन ठेवायला सांगतात.

गोण्या बांधलेल्या असणं त्याहून महत्त्वाचं. गाडी कुठे आदळली तर गाडी थांबते, गोण्या थांबत नाहीत. हौद्यात चाकांच्या कमानींमध्ये लाकडी फळ्यांची चौकट करून त्यात गोण्या बसवायच्या आणि वरून पट्ट्याने आवळायच्या. काँक्रीटचे ठोकळे, जुनी इंजिनं, लोखंडी तुकडे असलं काही सुटं टाकणं म्हणजे अपघातात स्वतःवरच तोफ डागण्यासारखं आहे. वाळू यासाठी बरी की फुटली तर सांडते, आणि गाडी अडकली तर तीच चाकाखाली टाकता येते.

हौद्यात पडलेला बर्फच वजन म्हणून ठेवायची युक्तीही तिकडे जुनी आहे. फुकटचं वजन! पण ताजा बर्फ फार हलका असतो, घनमीटरला शंभर किलोच्या आसपास. हौदा काठोकाठ भरला तरी दीड-दोनशे किलो. हायवेवर तो उडून मागच्याच्या काचेवर जातो, ऊन पडलं की वितळतो आणि रात्री गोठून हौद्याला चिकटून बसतो. असला फुकटचा माल महागात पडतो.

किती वजन टाकायचं याला मर्यादा आहे. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर लावलेल्या पट्टीवर गाडीचं कमाल वजन लिहिलेलं असतं. हेवी ड्युटी पिकअपला दीड-दोनशे किलोने काही होत नाही, पण अर्धा टन वाळू घेऊन हिवाळाभर फिरण्यात डिझेल जाळण्यापलीकडे फारसं काही साधत नाही.

फोर-हाय, फोर-लो आणि लॉक

या पिकअपमधली फोर-व्हील ड्राइव्ह बहुतेक वेळा गरजेपुरती जोडायची असते. एका गोल बटणावर टू-हाय, फोर-हाय आणि फोर-लो असे पर्याय असतात. फोर-हाय लावलं की पुढचा आणि मागचा दांडा एकमेकांना घट्ट जोडला जातो. बर्फाळ रस्त्यावर नेहमीच्या वेगाला हेच वापरायचं. कोरड्या डांबरावर मात्र नाही, कारण वळताना पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळं अंतर कापायचं असतं, ते जमत नाही आणि यंत्रणा आवळली जाते. बर्फावर चाकं थोडी घसरून हा ताण सोडवतात.

फोर-लो म्हणजे जास्त पकड, हा मोठा गैरसमज आहे. त्याने पकड वाढत नाही, चाकाला मिळणारा जोर वाढतो आणि वेग कमी होतो. बर्फावर जोर आधीच गरजेपेक्षा जास्त असतो. फोर-लो कामाला येतं ते खोल बर्फातून मुंगीच्या पावलाने जाताना, तीव्र उतारावर किंवा नांगराने बर्फ ढकलताना.

चारही चाकं चालू असूनही गाडी अडकू शकते. साधं डिफरन्शियल दोन्ही बाजूंना सारखाच जोर देतं. एक चाक काचेसारख्या बर्फावर असेल तर त्याला जेवढा थोडासा जोर पेलवतो तेवढाच दुसऱ्या चाकालाही मिळतो. एक चाक भिंगरीसारखं फिरतं, दुसरं ढिम्म. यावर उपाय म्हणजे डिफरन्शियल लॉक, जो दोन्ही चाकं एकत्र फिरवतो. अडकलेली गाडी काढायला हा उत्तम. पण निसरड्या वळणावर लॉक चालू असेल तर दोन्ही मागची चाकं एकदम सुटतात आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते. काम झालं की तो बंद.

आजच्या गाड्यांतलं ट्रॅक्शन कंट्रोल हे काम ब्रेकने करतं. फिरणाऱ्या चाकाला ब्रेक लावतं आणि जोर दुसरीकडे पाठवतं. रस्त्यावर ते चालूच ठेवायचं. खोल बर्फात अडकल्यावर मात्र ते इंजिनाचा दम इतका कमी करतं की गाडी हलतच नाही. तेव्हा थोडा वेळ बंद करायचं बटण त्यासाठीच दिलेलं असतं.

डिझेल पिकअपवाल्यांसाठी एक धोका खास आहे, एक्झॉस्ट ब्रेक. घाट उतरताना ट्रॉलीचा भार आवरायला तो इंजिनाकरवी गाडी धरतो. पण टू-व्हील ड्राइव्हमध्ये ही सगळी धर फक्त मागच्या चाकांवर येते. रिकामी गाडी, निसरडा उतार आणि एक्झॉस्ट ब्रेक चालू, म्हणजे कोणीतरी अचानक हँडब्रेक ओढल्यासारखं होतं आणि मागचा भाग पुढे यायला बघतो. बर्फावर तो बंद ठेवतात. क्रूझ कंट्रोलही बंद.

चेन: सगळ्यात जुना, सगळ्यात खात्रीचा

न्यूयॉर्क राज्यातल्या कॅनास्टोटा गावच्या हॅरी वीड यांना १९०४ मध्ये टायरच्या चेनचं पेटंट मिळालं. चिखलातून जाताना लोक टायरला दोर गुंडाळतात हे त्यांनी पाहिलं होतं, त्यावरून ही कल्पना सुचल्याचं सांगतात. आज एकशे वीस वर्षांनंतरही काचेसारख्या बर्फाच्या चढावर चेनच्या तोडीचं दुसरं काही नाही.

कॅलिफोर्नियात सिएरा नेवाडा डोंगर ओलांडणारा आय-८० हायवे डोनर खिंडीजवळ २२०० मीटर उंचीवरून जातो. वादळ आलं की तिथे आर-वन, आर-टू, आर-थ्री असे तीन स्तर लावतात. आर-टूमध्ये चारही हिवाळी टायर असलेल्या फोर बाय फोरला चेन न लावता सोडतात, पण चेन गाडीत असाव्याच लागतात. आर-थ्रीमध्ये कोणालाही सूट नाही. मात्र तोपर्यंत बहुतेक वेळा रस्ताच बंद केलेला असतो. महाराष्ट्रातून मनालीला जाणाऱ्यांना हा प्रकार ओळखीचा वाटेल. सोलंगच्या पुढे अटल बोगद्याकडे बर्फ पडला की पोलीस फोर बाय फोर किंवा चेनवाल्या गाड्याच पुढे सोडतात.

पिकअपला चेन घेताना टायरचं नेमकं माप जुळलं पाहिजे. मागच्या चाकांना लावायच्या की पुढच्या, हे मॅन्युअलमध्ये बघायचं, कारण काही मॉडेलमध्ये पुढे चेनसाठी जागाच नसते आणि ती ब्रेकच्या पाइपला घासते. लावल्यावर थोडं अंतर जाऊन थांबायचं आणि परत आवळायची. वेग ताशी ५० च्या आत. आणि एकदा तरी घरासमोर, कोरड्यात, लावून बघायची. पहिला प्रयोग रात्री वादळात, बधिर बोटांनी करणं म्हणजे शिक्षा आहे.

अडकलीच तर

चाकं फिरवत राहिलं की खालचा बर्फ वितळून परत गोठतो आणि त्याची काच होते. म्हणून पहिलं काम थांबण्याचं. फावड्याने चाकांच्या पुढचा-मागचा आणि गाडीच्या पोटाखालचा बर्फ काढायचा, कारण पोट टेकलं की वजन चाकांवर राहत नाही. मग वाळू, मांजराच्या शीचा साधा मातीचा भुसा किंवा प्लॅस्टिकच्या खाचाखाचांच्या पाट्या चाकाखाली सरकवायच्या, स्टिअरिंग सरळ ठेवायचं आणि अगदी हलक्या पायाने निघायचं.

दुसऱ्या गाडीने ओढून काढताना दोर कुठे अडकवतो, यावर जीव अवलंबून असतो. पिकअपच्या मागे ट्रॉलीसाठी लोखंडी गोळा असतो. दोर त्याला अडकवणं ही सगळ्यात घातक चूक आहे. झटक्याने तो गोळा तुटतो आणि बंदुकीच्या गोळीसारखा दुसऱ्या गाडीच्या काचेतून आत जातो. असे मृत्यू झाले आहेत. चासीला बसवलेल्या ओढण्याच्या हुकालाच दोर लावायचा आणि ओढताना बघ्यांनी दोराच्या लांबीपेक्षा जास्त दूर उभं राहायचं.

आणि गाडी निघालीच नाही तर? २०२२ च्या नाताळात न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलो परिसरात आलेल्या हिमवादळात चाळीसहून जास्त माणसं गेली. त्यातली काही आपल्या गाडीत अडकलेली होती. मदतीच्या गाड्याही बर्फात रुतल्या होत्या, त्यात फोर-व्हील ड्राइव्हच्या गाड्याही होत्या. अशा वेळी गाडी सोडून चालत निघायचं नाही, कारण पांढऱ्या धुक्यात दहा पावलांवरची गाडी दिसत नाही. इंजिन सतत चालू न ठेवता अधूनमधून थोडा वेळ चालू करायचं, वाऱ्याच्या विरुद्ध बाजूची काच बोटभर उघडी ठेवायची आणि इंजिन चालू करण्याआधी प्रत्येक वेळी खाली उतरून सायलेन्सरच्या तोंडाजवळचा बर्फ काढायचा. ते तोंड बुजलं की कार्बन मोनॉक्साइड केबिनमध्ये येतो. त्याला रंग नाही, वास नाही. ऊब येते, झोप येते, आणि माणूस उठत नाही.

म्हणून बर्फाच्या राज्यांत पिकअपवाल्याच्या सीटमागे हिवाळाभर फावडं, ब्लँकेट, टॉर्च, पाणी आणि खायला काहीतरी पडलेलं असतं. डिझेलची टाकी अर्ध्याच्या खाली जाऊ देत नाहीत. एप्रिलमध्ये बर्फ गेला की गोण्या हौद्यातून उतरतात आणि हिवाळी टायर गॅरेजच्या कोपऱ्यात जातात, कारण ते मऊ रबर उन्हाळ्याच्या डांबरावर चालवलं तर एका मोसमातच झिजून जातं.